‘डीपफेक’ : टोपणनावापासून कायद्यापर्यंत

सचिन तेंडुलकर एका मोबाइल गेमची जाहिरात करीत असल्याची चित्रफीत जानेवारी २०२४ मध्ये फिरू लागली, तेव्हा ती बनावट असल्याचे खुद्द सचिनलाच जाहीर करावे लागले. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना हिच्या चेहऱ्याच्या अशाच चित्रफितीने खळबळ उडविली होती. या प्रकरणांनी ‘डीपफेक’ हा शब्द घरोघरी पोहोचविला.

यातील ‘डीप’ म्हणजे खोलवरची फसवणूक, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक हे ‘डीप’ संगणकशास्त्रातील ‘डीप लर्निंग’मधले आहे. ‘न्यूरल नेटवर्क’चे थरावर थर रचलेले असतात, म्हणून ते ‘डीप’. दोन व्यक्तींची पुरेशी छायाचित्रे पुरविली की ही प्रणाली चेहऱ्याची ठेवण आणि हावभाव वेगळे ओळखायला शिकते व एकाच्या हावभावांवर दुसऱ्याचा चेहरा चढविते. ‘फेक’ हा शब्द तर इंग्रजीत चोराचिलटांच्या बोलीतून आलेला!

हे दोन शब्द जोडले गेले ते २०१७ च्या अखेरीस. ‘रेडिट’ या संकेतस्थळावर ‘डीपफेक्स’ असे टोपणनाव घेतलेल्या एका इसमाने नामवंत अभिनेत्रींचे चेहरे अश्लील चित्रफितींवर चढवून प्रसिद्ध केले. फेब्रुवारी २०१८ मध्ये रेडिटने त्यावर बंदी घातली. टोपणनाव मात्र तंत्राचेच नाव होऊन बसले. म्हणजे या शब्दाचा उगम प्रयोगशाळेत नव्हे, तर स्त्रियांच्या विटंबनेत आहे.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२६ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करताना व्याख्येसाठी हा शब्द टाळला आणि ‘कृत्रिमरीत्या निर्मित माहिती’ अशा अर्थाची व्यापक संज्ञा स्वीकारली. ते योग्यच झाले. ‘फेक’ म्हणताच फसविण्याचा हेतू गृहीत धरला जातो. परंतु हेच तंत्र चित्रपटांतही वापरले जाते. अशा सामग्रीवर ती कृत्रिम असल्याची ठळक खूण असावी, असे नियम सांगतात. रंगसुधारणेसारखे नेहमीचे संकलन त्यातून वगळले आहे.

मात्र खुणेने टळते ती फसगत, बेअब्रू नव्हे. जिचा चेहरा अश्लील चित्रफितीवर चढविला गेला, तिला ‘हे कृत्रिम आहे’ या सूचनेचा काय उपयोग? तिच्या दृष्टीने महत्त्वाची ती मजकूर हटविण्याची मुदत. न्यायालयाचा वा सरकारचा आदेश आल्यानंतर ती पूर्वी ३६ तासांची होती. या दुरुस्तीने ती ३ तासांवर आणली. प्रश्न उरतो तो पीडितेची तक्रार अशा आदेशापर्यंत किती वेळात पोहोचते, याचा.