स्वाधारची रक्कम आणि पुण्यातली खोली

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पुण्यात वर्षाला ६०,००० रुपये. त्यात निवासासाठी फक्त २०,०००. दहा महिने धरले तरी महिन्याला दोन हजार! एवढ्यात स्वतंत्र खोली मिळत नाही, म्हणून चौघे मिळून राहतात. घरमालक आधी आडनाव विचारतो, मग डिपॉझिट मागतो. करार मात्र एकाच्याच नावे होतो. उरलेले तिघे कागदावर बेघर. १९१७ मध्ये बडोद्यात बाबासाहेबांनाही जातीमुळे निवारा मिळाला नव्हता. आमची मागणी साधी आहे: पहिला हप्ता प्रवेशाबरोबरच द्या, निवासाची रक्कम प्रत्यक्ष भाड्याशी जोडा. आणि मित्रांनो, करारात चौघांचीही नावे घालूनच सही करा.