कपाटाची किल्ली कुणाकडे?



बाईवरच्या अत्याचाराची एखादी बातमी गाजली की आठ-पंधरा दिवसांत एक मागणी हमखास पुढे येते : बायकांना शस्त्रे द्या. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत जे घडले त्यानंतर रस्त्यावर उतरलेल्या मुलींना सुरक्षित बस हवी होती, वेळेवर तक्रार नोंदवून घेणारा पोलीस हवा होता, लवकर निकाल देणारे न्यायालय हवे होते. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने त्यांच्यासाठी काय आणले? 'निर्भीक' नावाचे, पर्समध्ये मावणारे, जेमतेम अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर. तेही दागिन्यांच्या डबीसारख्या पेटीत घालून. किंमत सव्वा लाखाच्या आसपास. मुकुंदवाडीत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला ते किती वर्षांच्या पगारात परवडेल, याचा हिशेब कुणी केला नाही. २०२५ च्या महिला दिनी तर रोहिणी खडसे यांनी थेट राष्ट्रपतींना पत्र लिहून महिलांना एक खून माफ करण्याची मागणी केली. त्या मागणीमागची चीड आपल्यालाही कळते. पण शस्त्र हातात आले की बाईच्या आयुष्यात नेमके काय बदलते, हे कुणी बाईलाच विचारलेले फारसे दिसत नाही.

या वेळी ते विचारता आले. आपल्या वाचक गटातल्या एका मैत्रिणीने नुकतेच परवान्याचे नवे पिस्तूल घेतले. पतीच्या पश्चात ती एकटीने पेट्रोल पंप चालवते. रोजची रोकड, रात्रीचा रस्ता आणि एकदा झालेली लूटमार, एवढ्यावरून तिने अर्ज का केला हे समजते. शहरात पोलीस आयुक्तालय असल्याने अर्ज तिथे गेला. चौकशी झाली, सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण झाले आणि बऱ्याच महिन्यांनी परवाना हातात पडला. ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही. म्हणून तिने ०.३२ बोअरचे घेतले.

गटाच्या बैठकीत ती मोकळेपणाने बोलली. रिव्हॉल्व्हरपेक्षा पिस्तूल चपटे, म्हणून ते घेतले. पण पहिल्या दिवशी वरची स्लाइड मागे ओढतानाच बोटे घसरली. तिची स्प्रिंग तिच्या अंदाजापेक्षा फार कडक निघाली. रिकामे असताना हलके वाटणारे हत्यार काडतुसे भरल्यावर मुठीत जड झाले. तेलाचा वास हाताला दिवसभर राहिला. चांदमारीच्या वेळी कानावर संरक्षण असूनही पहिल्या आवाजाला ती दचकली आणि गोळी कागदाला लागलीच नाही. समोरचा कागद हलत नव्हता, अंगावर धावून येत नव्हता, तरी ही गत. ती म्हणाली, "सिनेमात बाई पर्समधून पिस्तूल काढते आणि काम होतं. माझी तर आधी पर्सची चेनच उघडली नसती."

तिने आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती सर्वांनी लक्षात ठेवावी अशी आहे. या प्रकारच्या पिस्तुलात काडतुसे मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात. एक गोळी सुटली की रिकामी पुंगळी आपोआप बाहेर पडते आणि पुढची गोळी आपोआप नळीच्या तोंडाशी येऊन बसते. त्यामुळे मॅगझिन काढून घेतले तरी एक गोळी आत असू शकते. प्रशिक्षकाने मॅगझिन काढले, बाजूला ठेवले आणि विचारले, "आता रिकामं आहे का?" सगळे हो म्हणाले. त्याने स्लाइड मागे ओढली आणि एक जिवंत काडतूस टेबलावर पडले. "त्या रात्री मी तीनदा उठून कपाट तपासलं," ती म्हणाली.

पण बैठकीत खरी चर्चा रंगली ती कपाटाच्या किल्लीवरून. पिस्तूल घरी आले त्याच संध्याकाळी धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, तुम्हाला हे जमायचं नाही. आमच्याकडे असू द्या, लागलं तर सांगा." परवाना तिच्या नावावर, पैसे तिचे, धोका तिच्या जिवाला आणि किल्ली मात्र दिरांकडे! शेताचा सातबारा बाईच्या नावावर आणि व्यवहार भावाचा, सरपंचपद बाईचे आणि सही करायला सांगणारा नवरा, हे आपण मराठवाड्यात नवीन पाहत नाही. तिने किल्ली दिली नाही. परवाना व्यक्तीला असतो, कुटुंबाला नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना नसलेल्या माणसाच्या ताब्यात हत्यार देणे हा गुन्हा आहे, हे तिने दिरांना ऐकवले. तेव्हापासून दीर तिच्याशी जपून बोलतात. त्यावर ती जे म्हणाली ते मला अस्वस्थ करून गेले : "आठ वर्षं पंप चालवला तेव्हा मान मिळाला नाही. पिस्तूल आल्यावर मिळाला. हा मान माझा की त्या पिस्तुलाचा?"

हा प्रश्न तिच्यापुरता नाही. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली. त्यानंतर त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे उघड झाले. कमरेला पिस्तूल लावून काढलेली छायाचित्रे, हवेत गोळीबार करतानाच्या चित्रफिती सर्वांनी पाहिल्या. पुढे प्रशासनाने अनेक परवाने रद्द केले. स्वसंरक्षण हे अर्जावरचे कारण होते. प्रत्यक्षात तो रुबाब होता. हा रुबाब करणारा माणूस रात्री घरी जातो, तेव्हा कमरेचे पिस्तूल कुठे ठेवतो, हे मात्र कुणी विचारले नाही.

समुपदेशनाच्या कामात मला त्याचे उत्तर मिळते. काही घरांत पिस्तूल एकदाही चाललेले नसते. नवरा जेवायला बसताना ते कमरेचे काढून ताटाशेजारी ठेवतो. एवढेच. बाई आमच्यासमोर बसून म्हणते, "नाही ताई, त्यांनी कधी हात नाही उगारला." हात उगारायची गरजच काय? आपल्याला हे माहीत असायला हवे की २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शारीरिक छळाच्या व्याख्येत जिवाची धास्ती घालणारी धमकीही धरलेली आहे. मार लागलेला नसला तरी तक्रार होऊ शकते.

आता 'बायकांना शस्त्रे द्या' या मागणीकडे पुन्हा पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) देशातील १८ ते ४९ वयोगटातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याची हिंसा सोसलेली आहे. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो : नातेवाईक, शेजारी, मालक, मित्र. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याच वैजापूर तालुक्यात, मनाविरुद्ध लग्न केले म्हणून एका गर्भवती मुलीचा सख्ख्या भावाने आईच्या मदतीने जीव घेतला. आई आणि भाऊ भेटायला आले म्हणून ती चहा करत होती. तिच्या उशाशी पिस्तूल असते तर ती वाचली असती का? चहा टाकताना कुणी पिस्तूल हाताशी ठेवत नाही.

शिवाय घरातले हत्यार कुणाच्या हाती लागेल याची शाश्वती नसते. अमेरिकेत घरोघरी बंदुका आहेत. तिथल्या २००३ सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात असे दिसले की छळ करणाऱ्या जोडीदाराच्या हाती बंदूक असेल तर बाईच्या खुनाचा धोका सुमारे पाचपट होतो. छळाबद्दल न्यायालयाने मनाई हुकूम दिलेल्या माणसाला बंदूक बाळगता येणार नाही, हा तिथला कायदा सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये कायम केला. कॅनडात तर बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याच्या जोडीदाराला त्याची माहिती दिली जाते.

म्हणून आपली भूमिका स्पष्ट असावी. आपल्या मैत्रिणीने पिस्तूल घेतले यात गैर काहीच नाही. स्वतःचा जीव आणि अब्रू वाचवण्याचा हक्क कायद्याने बाईला दिला आहे. बलात्काराच्या किंवा ॲसिड हल्ल्याच्या प्रसंगी हल्लेखोराचा जीव गेला तरी तो स्वसंरक्षणाचा हक्कच ठरतो. पण सरकारने परवाना हातात ठेवून आपली जबाबदारी झटकू नये. पथदिवे, रात्रीची बस, संरक्षण अधिकाऱ्यांची पुरेशी पदे, चालू स्थितीतले निवारागृह यांना पिस्तूल हा पर्याय नाही.

आणि आपण कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी आजपासून कराव्यात. पहिली : पीडित बाईची माहिती घेताना 'घरात हत्यार आहे का, ते कुठे ठेवतात, किल्ली कुणाकडे असते' हे प्रश्न न चुकता विचारावेत. दुसरी : हत्यार असेल तर ते अर्जात लिहावे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांतील दहाव्या नियमानुसार दंडाधिकाऱ्यांच्या लेखी आदेशावरून संरक्षण अधिकारी पोलिसांच्या मदतीने असे हत्यार जप्त करू शकतात. शस्त्र कायद्याच्या कलम १७ खाली परवानाही निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. त्यासाठी शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तिसरी : परवाना देण्यापूर्वीच्या चौकशीत घरातल्या स्त्रियांना एकटे गाठून, पुरुषांच्या माघारी विचारले जावे, अशी मागणी आपण लावून धरावी. पोलीस शेजाऱ्यांना विचारतात, चहाच्या टपरीवर विचारतात. ज्या बाईला त्या हत्याराशेजारी झोपायचे आहे तिला का विचारू नये?

आपापल्या गटांत यावर चर्चा करा आणि जे निघेल ते आम्हाला लिहून कळवा. आलेली पत्रे पुढील अंकात देऊ. ज्यांना नाव छापायला नको असेल त्यांनी तसे लिहावे. नाव गुप्त ठेवले जाईल.

– संपादक मंडळासाठी