मालदांडीची बिअर जर्मनीत चालते, काष्टीत गुन्हा!

पोस्ट मोठी झालीय. दारूचा प्रचार करतोय म्हणून शिव्या घालायच्या असतील तर आधी पूर्ण वाचा, मग घाला.

आमचा पुतण्या जर्मनीत नोकरीला आहे. तिथं घरी पिण्यापुरती बिअर बनवता येते, ठरावीक मर्यादेपर्यंत करही लागत नाही. मागच्या खेपेला त्याने इथून चार किलो मालदांडी नेली, मोड आणले, वाळवली, भरडली आणि बिअर केली. तिथले जुने जाणते म्हणाले, चांगलीय, पण ही बिअर नव्हे. त्यांच्याकडे 1516 चा बव्हेरियाचा नियम: सातू, हॉप्सची फुलं आणि पाणी. बास. (यीस्टचं नावच नाही त्यात. तेव्हा त्याचं नेमकं काम कुणाला माहीत नव्हतं!)

मला हा वाद ऐकून हसू आलं. ज्वारी म्हणजे प्रयोग आणि सातू म्हणजे परंपरा, हे ठरवलं कुणी? दक्षिण आफ्रिकेत बायका पिढ्यानपिढ्या ज्वारीची बिअर करतात. नायजेरियाने 1988 ला सातूची आयात बंद केली तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कंपन्या मुकाट ज्वारीवर आल्या. आणि आपल्याकडं? नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवून दळायची, त्याला आपण सत्त्व म्हणतो. बिअरवाले त्यालाच माल्ट म्हणतात. आंबील तर आंबवूनच होते. निम्मं काम आपल्या चुलीपाशी आधीपासून चालू आहे.

पण एका बाबतीत ते जर्मन म्हातारे बरोबर आहेत. साध्या बिअरमध्ये चूक लपत नाही. 2009 ला पुण्यात डूलाली सुरू झाल्यापासून छोट्या ब्रुअऱ्या वाढल्या, कोकम घातलेली बिअरही निघाली. चांगलंय. पण नवखा माणूस पहिल्याच हंड्यात कोकम, आंबा, मिरची टाकतो तेव्हा बिघडलेली चव झाकत असतो. ज्वारी तर त्याहून अवघड. तिचं पीठ सातूपेक्षा जास्त उष्णतेला शिजतं, आणि मोडातलं जे द्रव्य पिठाची साखर करतं ते तेवढ्या उष्णतेत मरतं. म्हणून आधी शिजवायची, निववायची, मग मोडाचं पीठ मिसळायचं. पुतण्याचे पहिले दोन हंडे गटारात गेले. आधी साधी जमू द्या, मग काय करायचे ते प्रयोग करा.

हे सगळं तिकडचं. इथं हाच हंडा सापडला तर 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा. परवान्याशिवाय काहीच बनवायचं नाही. हातभट्टी लावणारा आणि घरात पाच लिटर बिअर करणारा, दोघे एकाच दावणीला.

पांगरमल कुणी विसरलेलं नाही. 2017, ऐन निवडणुकीत, आपल्याच जिल्ह्यात बनावट दारूने माणसं गेली. पण विषारी दारूने माणूस मरतो तो बहुतेक वेळा मिथेनॉलने, आणि ते येतं कारखान्यातल्या चोरीच्या स्पिरिटमधून. धान्य नुसतं आंबवून जीव घेण्याइतकं मिथेनॉल तयार होत नाही. बाटली फुटू शकते, पोट बिघडू शकतं. हा फरक कायद्यात का नको?

आता पैशाचं बोलू. द्राक्षवाल्यांसाठी 2001 ला धोरण आलं. 2022 ला वाइन सुपरमार्केटात ठेवायचा निर्णय शेतकऱ्याच्या नावाने झाला, राळेगणहून अण्णांनी विरोध केला. धान्यापासून दारू काढणाऱ्या कारखान्यांनाही मध्यंतरी अनुदान जाहीर झालं, ज्वारीवाल्याचंच नाव घेऊन. श्रीगोंद्यातल्या कुठल्या ज्वारीवाल्याच्या खिशात त्यातला रुपया आला ते कमेंटमध्ये सांगा, मी जाहीर माफी मागतो.

माझं म्हणणं एवढंच: घरगुती बिअरला स्वस्त परवाना द्या. वय एकवीस, लिटरची मर्यादा, विक्री पूर्ण बंद, विकताना सापडला तर कायमचा रद्द. ज्या घरात दारूने संसार मोडला ती माऊली म्हणेल, आणखी एक वाट कशाला उघडता? तिच्यापुढं माझ्याकडं उत्तर नाही, हे कबूल करतो. पण तिच्या नवऱ्याची बाटली गल्लीतल्या टपरीमागे मिळते, ती आधी कोण बंद करणार?

पुतण्या दिवाळीला येतोय. शनिवारच्या बाजारातून दहा किलो मालदांडी घेऊन ठेवा म्हणाला, तिकडं न्यायला. राहिली तर इथं आंबील करू.