सवलत कोणाच्या दारी?

एकेकाळी ‘पूर्वेचे मँचेस्टर’ म्हणवणाऱ्या कानपुरात गिरण्यांचे भोंगे थांबले, तेव्हा कामगारांची केवळ रोजी गेली नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या दप्तरातील त्यांचे स्थानही गेले. पुढच्या पिढीतील अनेकजण आज लहान कारखान्यांत विनानोंद राबतात. सरकारदप्तरी ते कुणाचेच कामगार नाहीत.

१ ऑगस्ट २०२५ पासून लागू झालेली ‘प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना’ या कसोटीवर तपासली पाहिजे. तिची तरतूद ९९,४४६ कोटी रुपयांची. नव्या नोकरीमागे मालकाला दरमहा ३,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन मिळते. भांडवलाऐवजी रोजगाराला सवलत, हे तत्त्व स्वागतार्हच. परंतु लाभाचे दार भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदणीनेच उघडते आणि दर देशभर सारखाच आहे. भरभराटीच्या शहरात एरवीही झाली असती त्या भरतीलाही तेवढेच अनुदान!

प्रशासनातील अनुभव असा, की सवलत आपणहून गरजूकडे जात नाही; ज्याची कागदपत्रे तयार असतात, त्याच्याकडे जाते. म्हणून उतरती कळा लागलेल्या शहरांसाठी अनुदानाचा दर वाढवावा आणि तेथील लहान कारखान्यांच्या नोंदणीचा भार काही वर्षे शासनाने उचलावा. अन्यथा योजनेचा आकडा गाठला जाईल, कानपूर मात्र तिथेच राहील.