मेणाच्या ठोकळ्यातील गुणसूत्रे

स्तनातील गाठीच्या तुकड्याची तपासणी होते, कर्करोगाचे निदान येते आणि अहवालाच्या अखेरीस ‘हर-टू : २+, फिश चाचणी करावी’ अशी ओळ असते. घरची मंडळी गोंधळतात. एकदा तपासणी झाली असता ही दुसरी कशासाठी? बिल वाढविण्याची युक्ती तर नव्हे? शंका स्वाभाविक आहे; येथे मात्र ती अनाठायी आहे.

मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे १९५६ साली निश्चित झाले. पुढे १९६० मध्ये नोवेल व हंगरफर्ड यांना रक्ताच्या एका कर्करोगात नेहमी आढळणारे आखूड गुणसूत्र दिसले. रक्तपेशी सुट्या असतात, म्हणून ते काम तुलनेने सुकर होते. घट्ट गाठीचे तसे नाही. तिच्यातील पेशी विकर वापरून सुट्या कराव्या लागतात, पोषक द्रवात काही दिवस वाढवाव्या लागतात, ऐन विभाजनाच्या वेळी औषधाने थोपवाव्या लागतात, मग फुगवून काचपट्टीवर पसराव्या लागतात. एवढे करूनही पुष्कळदा गाठीऐवजी भोवतालच्या निरोगी पेशीच फोफावतात. पिकाआधी तण माजावे तसे! शिवाय त्यासाठी तुकडा जिवंत हवा. फॉर्मालीनमध्ये पडताच पेशी मरतात आणि हा मार्ग बंद होतो.

‘फिश’ची थोरवी यातच आहे की ती मृत, मेणात गोठविलेल्या पेशींवरही होते. मेणाच्या ठोकळ्यातून केसाहूनही कितीतरी पातळ काप काढून त्यावर चमकणारे शोधक-रेणू सोडतात. ते नेमक्या जागी जाऊन चिकटतात. हर-टू जनुक १७ व्या गुणसूत्रावर असते. ते एका रंगात व त्या गुणसूत्राचा मध्यबिंदू दुसऱ्या रंगात उजळतो. तज्ज्ञ किमान २० पेशींतील ठिपके मोजतात. जनुकाचे ठिपके मध्यबिंदूच्या दुप्पट वा अधिक आणि सरासरी पेशीमागे ४ वा अधिक असतील, तर जनुक वाढलेले ठरते. अशा रुग्णेला ट्रास्टुझुमॅबचा लाभ होतो. जनुक वाढलेले नसेल, तर हेच महागडे औषध देऊन त्या लाभाची आशा धरता येत नाही. हृदयावरील दुष्परिणामाची जोखीम मात्र पदरी येते. ३+ अहवालास सहसा फिशची गरज पडत नाही. २+ हा संदिग्ध असतो, म्हणून ही मोजणी.

परंतु ठोकळा नीट घडलेला हवा, आणि त्याचे भवितव्य शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तासात ठरते. गाठ तासाभरात दहा टक्के बफरयुक्त फॉर्मालीनमध्ये पडावी, मोठी असल्यास चिरून, म्हणजे द्रव आत शिरेल. तेथे ती किमान ६ व कमाल ७२ तास राहावी. सलाईनच्या पाण्यात रात्रभर ठेवलेल्या तुकड्यात ठिपके पुसट होतात वा दिसतच नाहीत. हाडाचा तुकडा मऊ करण्यास तीव्र आम्ल वापरले, तरी जनुकद्रव्य नष्ट होते. तेव्हा मोताळ्याच्या वाचकांनी, शस्त्रक्रिया बुलढाण्यास होवो वा अकोल्यास, ‘गाठ फॉर्मालीनमध्येच जाणार ना?’ एवढे नम्रपणे विचारावे. जाणते डॉक्टर रागावत नाहीत.

मलकापूरहून गाडी धरून मुंबईस जाणारे रुग्ण बहुधा अहवालाची फाईल जपून नेतात आणि ठोकळा गावाकडील प्रयोगशाळेतच राहतो. परळचे टाटा स्मारक रुग्णालय काय, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय काय, मोठ्या केंद्रांना फेरतपासणीस काचपट्ट्यांसह ठोकळाही लागतो. तो लेखी अर्ज देऊन मागता येतो. त्यावरील क्रमांक अहवालाशी ताडून पाहावा, डबीत घालून हातातील पिशवीतच ठेवावा. विदर्भाच्या वैशाखात बंद मोटारीत ठेवू नये. मेणच ते, मऊ पडते. काम झाल्यावर तो परत मिळण्याची पावतीही मागून घ्यावी, कारण पुढे आजार उलटला तर तोच ठोकळा पुन्हा लागू शकतो.