संख्याशास्त्र ही पळवाट नव्हे

संपादक महोदय,

अमेरिकेतील मराठी पालकांना सल्ला देणाऱ्या गेल्या अंकातील लेखात शालेय संख्याशास्त्र ही कलनाला घाबरणाऱ्यांची पळवाट ठरवली आहे, ते वस्तुस्थितीला धरून नाही. कलन, म्हणजे बदलाचा दर आणि वक्राखालील क्षेत्रफळ यांचे गणित, अभियांत्रिकीला अपरिहार्य आहे, एवढेच मान्य. मात्र ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या महाविद्यालयीन दर्जाच्या योजनेत १९९७पासून होणाऱ्या संख्याशास्त्राच्या परीक्षेत नमुना कसा निवडला, यादृच्छिक विभागणीशिवाय कार्यकारणाचा दावा का टिकत नाही, आणि पी-मूल्य, म्हणजे मुळात फरक नसता तर हाती आलेला किंवा त्याहून टोकाचा आकडा मिळण्याची संभाव्यता, नेमके काय सांगते, हे शब्दांत मांडावे लागते. सूत्रे घोकून आलेल्यांची तेथेच दांडी उडते.

कलनाविना संख्याशास्त्र अशक्य, हे विद्यापीठीय पातळीवर बरेचसे खरे असले तरी शाळेत नव्हे, कारण प्रसामान्य वक्राखालील क्षेत्रफळ तेथे कोष्टकातून वा गणकयंत्रावरून मिळते. मानसशास्त्राकडे वळणाऱ्या मुलीच्या उपयोगी आधी संख्याशास्त्रच पडेल. (महाराष्ट्रात बारावीच्या विषयाचे नावच ‘गणित आणि संख्याशास्त्र’ असून त्यात कलनही असते, हे लेखकाच्या ध्यानातून निसटलेले दिसते.)

कळावे,
एक वाचक