न दिसणारे प्रवासी : जुनी होडी पाण्यात खोल का बसते?



ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्याने एकाच वेळी दोन विरोधी चित्रे पाहिली. पश्चिमेकडे कृष्णा आणि वारणा या नद्यांनी रौद्र रूप धारण केले होते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. तेथे पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. त्याच दिवसांत पूर्वेकडील जत तालुका मात्र आभाळाकडे डोळे लावून बसला होता. एका टोकाला माणसे पाण्यातून बाहेर पडण्यासाठी होडीची वाट पाहत होती, तर दुसऱ्या टोकाला पाण्याच्या टँकरची.

याच महापुरात, ८ ऑगस्ट २०१९ रोजी, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांना सुरक्षित स्थळी नेणारी होडी उलटली. कृष्णा आणि येरळा यांच्या संगमावरील हे गाव चारही बाजूंनी पाण्याने वेढले गेले होते. होडी ग्रामपंचायतीची होती आणि तिच्यात सुमारे तीस माणसे होती. त्यांत स्त्रिया व लहान मुले होती. पहिल्याच दिवशी नऊ मृतदेह हाती लागले आणि पुढील दिवसांत ती संख्या वाढत गेली. वाचवण्यासाठी आलेली होडीच मृत्यूचे कारण ठरावी, हे शल्य जिल्ह्याच्या मनातून अद्याप गेलेले नाही.

अशा दुर्घटनेनंतर आपण सारे एकच कारण सांगतो : होडीत गर्दी फार झाली. ते खरेच असते. परंतु तेवढ्यावर विचार थांबवला, तर एक महत्त्वाचा प्रश्न निसटून जातो. होडीत माणूस चढण्यापूर्वी होडी स्वतः किती भार घेऊन उभी असते? विशेषतः आऊटबोर्ड इंजिन लावलेली, आठ-दहा किंवा अधिक पावसाळे पाहिलेली फायबरची होडी रिकामी असतानाच पूर्वीपेक्षा खोल बसू लागते. ती अशी का बसते आणि हे कसे ओळखावे, याचा आज आपण विचार करणार आहोत.

जतकरांचा होडीशी काय संबंध?

हा प्रश्न जत तालुक्यातील आपले बांधव विचारतील आणि तो रास्तच आहे. परंतु म्हैसाळ उपसा सिंचन योजनेमुळे कृष्णेचे पाणी पायरी पायरीने पूर्वेकडे चढत आले आहे. संख, दोड्डनाला यांसारखे मध्यम प्रकल्प आणि गावोगावचे तलाव हे या तालुक्याचे जीवन आहेत. जेथे पाणी टिकते तेथे मत्स्यबीज सोडले जाते, मासेमारी येते आणि मासेमारीबरोबर होडी येते. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर वावरलेल्या समाजाला होडीची भाषा कळते. दुष्काळी भागातील माणसाला ती शिकावी लागते आणि त्याच्या वाट्याला बहुधा दुसऱ्याने वापरून विकलेली होडीच येते. म्हणून हा विषय ब्रह्मनाळचा जितका आहे, तितकाच जतचाही आहे.

एक माणूस, एक सेंटिमीटर

होडी का तरंगते याचे उत्तर आर्किमिडीजने बावीसशे वर्षांपूर्वी दिले. होडी आपल्या एकूण वजनाएवढे पाणी बाजूला सारते आणि मगच स्थिर होते. वजन वाढले की तिला अधिक पाणी सारावे लागते, म्हणजेच ती अधिक खोल जाते.

याचा हिशेब सोपा आहे. सुमारे पाच मीटर लांब व दीड मीटरहून थोडी अधिक रुंद होडी घेतली, तर पाण्याच्या पृष्ठभागावर ती साधारण सहा चौरस मीटर जागा व्यापते. अशी होडी एक सेंटिमीटर खाली जाण्यास सुमारे साठ किलो वजन पुरते. साठ किलो म्हणजे एक प्रौढ माणूस. थोडक्यात, एक माणूस चढला की होडी एक सेंटिमीटर खाली जाते.

आता ही होडी रिकामी असतानाच पाच सेंटिमीटर खोल बसत आहे असे समजा. याचा अर्थ तिच्यात तीनशे किलोंचा भार आधीच आहे. तिची क्षमता दहा माणसांची असेल, तर पाच प्रवासी आधीच बसलेले आहेत. ते दिसत नाहीत, बोलत नाहीत आणि काठावर उतरतही नाहीत. नावाडी मात्र प्रामाणिकपणे दहा माणसे मोजून घेतो आणि होडीत पंधरांचा भार होतो.

हे वजन येते कोठून?

पहिले आणि सर्वांत फसवे कारण म्हणजे फोम. फायबरच्या अनेक होड्यांत बाहेरचे कवच आणि आतील तळफळी यांच्या मधल्या पोकळीत फोम भरलेला असतो. त्यामुळे होडी वर तरंगते, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. कोरड्या, धडधाकट होडीला तरंगण्यासाठी फोमची गरज नसते. होडीत पाणी शिरले तरी ती तळाशी जाऊ नये आणि माणसांना धरून राहण्यास आधार मिळावा, एवढ्यासाठीच तो भरलेला असतो. अमेरिकेत वीस फुटांपेक्षा लहान आऊटबोर्ड होड्यांना अशी तरतूद १९७८ पासून कायद्याने बंधनकारक आहे.

परंतु तळफळीला पडलेला स्क्रू, तडा गेलेला सांधा किंवा नीट न बसलेले झाकण यांतून थेंब थेंब पाणी आत उतरते. फोम नवा असताना पाणी सहसा शोषत नाही. पण वर्षानुवर्षे पाण्यात राहिला, आपटला आणि जीर्ण झाला की त्यात पाणी मुरते व सहजासहजी बाहेर पडत नाही. अर्धा घनमीटर फोमचा निम्म्याहून थोडा अधिक भाग पाण्याने भरला, तरी तीनशे किलो झाले. येथे दुहेरी हानी होते. होडीचे वजन वाढते आणि संकटसमयी तिला तरंगत ठेवणारी शक्ती नष्ट होते. रक्षणासाठी ठेवलेली वस्तूच ओझे बनते.

दुसरे कारण लाकूड. होडी फायबरची म्हटली तरी तिच्या तळातील आधाराच्या पट्ट्या आणि इंजिन टांगण्याची मागची फळी यांच्या आत अनेकदा प्लायवूड असते. इंजिनच्या बोल्टच्या भोकांतून पाणी शिरते, प्लायवूड कुजते आणि जड होते. कुजलेल्या फळीवर इंजिन टांगणे हा आणखी एक धोका.

तिसरे कारण इंजिन. जुन्या होड्या टू-स्ट्रोक इंजिनच्या काळात बांधल्या गेल्या. पुढे त्यांना फोर-स्ट्रोक इंजिने लावली गेली. ती इंधन कमी घेतात, धूर कमी करतात. पण चाळीस अश्वशक्तीच्या इंजिनात वजनाचा फरक वीस ते तीस किलोंचा असू शकतो. शिवाय हे वजन मागच्या टोकावर येते. तेथेच नावाडी बसतो, तेथेच पेट्रोलची टाकी आणि बॅटरी असते. परिणामी होडी सर्व बाजूंनी सारखी न बसता मागे झुकते. मागची कड पाण्याजवळ आली की वेग कमी करताच स्वतःच्याच लाटेचे पाणी मागून आत येते.

चौथे कारण आपली सवय. दरवर्षी एक ठिगळ, दरवर्षी रंगाचा एक थर, अधिकची साखळी, जास्तीचा नांगर, ओली जाळी, कोपऱ्यात पडलेली अवजारे. यांतील कोणतीच वस्तू एकटी जड नसते.

पाचवे कारण उघड गळती : बुडाचा सैल बूच, झिजलेले रबर, केसाएवढी चीर. तळाशी साचलेले पाणी स्थिरही राहत नाही. होडी डावीकडे कलली की ते डावीकडे धावते आणि कल वाढवते. तसेच काही होड्यांत वर पडलेले पाणी बाहेर जावे म्हणून बाजूंना भोके ठेवलेली असतात. होडी खोल बसू लागली की ती भोके पाण्याखाली जातात आणि त्यांतूनच पाणी आत येऊ लागते.

निदान कसे करावे?

वैद्य नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. होडीचेही तसेच आहे, आणि यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही.

प्रथम होडी पूर्ण रिकामी करावी. इंजिन तेवढे राहू द्यावे. तळातील पाणी उपसून ती शांत पाण्यात बांधावी आणि पाणी जेथे टेकते तेथे चारही बाजूंना खूण करावी. होडीवर जुनी पाणरेघ, रंगाचा फरक किंवा शेवाळाचा पट्टा असतो; त्याच्याशी ही खूण ताडून पाहावी. रात्रभर होडी तशीच ठेवावी. सकाळी ती आणखी खाली गेलेली असेल, तर गळती आहे. खूण जागेवर असूनही होडी जुन्या रेघेपेक्षा खोल असेल, तर वजन आत मुरलेले आहे. पुढची बाजू वर आणि मागची खाली असेल, तर प्रथम इंजिन आणि मागच्या फळीकडे पाहावे.

दुसरी पायरी वजनाची. आपला जिल्हा उसाचा आहे. साखर कारखान्यावर, बाजार समितीत, रस्त्याकडेला वजनकाटे आहेत. उसाची ट्रॉली जशी काट्यावर जाते, तशी होडी ट्रॉलीवर ठेवून काट्यावर न्यावी. मग रिकाम्या ट्रॉलीचे वजन वजा करावे. इंजिन व सामान यांचे वजन बाजूला काढून उरलेला आकडा बांधणाऱ्याने दिलेल्या मूळ वजनाशी ताडून पाहावा. हा एक आकडा दहा तर्कांपेक्षा मोलाचा आहे.

तिसरी पायरी ठोकून पाहण्याची. लाकडी हातोडीने तळ व मागची फळी हलक्या हाताने ठोकावी. निकोप भाग टणक आवाज देतो, कुजलेला भाग बोदा वाजतो. शंका आलीच, तर जाणत्या कारागिराकडून तळफळीला वरून लहान भोक पाडून आतील फोम बाहेर काढून पाहावा. पिळल्यावर पाणी निघाले, तर उत्तर मिळाले. असा फोम चार दिवसांच्या उन्हात वाळत नाही. तळफळी उघडून तो काढणे, आतील लाकूड बदलणे आणि पोकळी पुन्हा बंदिस्त करणे हाच उपाय. तो परवडत नसेल, तर त्या होडीतून माणसांची वाहतूक थांबवणे हा प्रामाणिक निर्णय ठरेल.

लाकडाने शिकवलेला धडा

उत्तन, वसई, अर्नाळा येथील आपले मच्छीमार बांधव हे सारे वेगळ्या रीतीने जाणत आले आहेत. लाकडी होडी पाणी पिते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून ती किनाऱ्यावर ओढणे, वाळवणे, फटी बुजवणे आणि तेल देणे हा वार्षिक नेम होता. फायबर आले आणि ‘याला काही करावे लागत नाही’ असा समज पसरला. लाकूड आपले दुखणे उघड दाखवते. फायबर ते चकचकीत रंगाखाली लपवते.

नियम आहेत; रेघ कोठे आहे?

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जहाजे अतोनात भरून समुद्रात सोडली जात. खलाशी त्यांना ‘शवपेट्या’ म्हणत. संसद सदस्य सॅम्युएल प्लिमसोल यांनी या अन्यायाविरुद्ध झुंज दिली आणि १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या बाजूस भाररेषा आखणे सक्तीचे झाले. ती रेघ पाण्याखाली गेली की भार अधिक झाला, हे निरक्षर खलाशालाही कळू लागले.

आपल्याकडे १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा आंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ ने घेतली आहे. नोंदणी व तपासणीची तरतूद त्यात आहे. तरीही दुर्घटना थांबल्या नाहीत. ७ मे २०२३ रोजी केरळमधील तानूर येथे २२ जण बुडाले; ती मूळची मासेमारीची होडी होती आणि तिच्यात बदल करून पर्यटक नेले जात होते. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदरा येथील हरणी तलावात १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका दगावल्या. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटून ६ जणांचा अंत झाला. प्रत्येक घटनेची कारणे वेगळी आहेत. परंतु पाण्याबाहेर होडीची कड जितकी कमी उरते, तितकी वाऱ्याला, लाटेला आणि माणसांच्या धावपळीला तोंड देण्याची तिची शक्ती घटते, हे सर्वत्र सारखेच.

म्हणून आमचे सुचवणे साधे आहे. नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि तलावावरील प्रत्येक मच्छीमार संस्थेने मे महिन्यात होडी पाण्यात सोडून पाहावी, काट्यावर न्यावी आणि जाणत्या माणसाकडून तिच्या बाजूस ठसठशीत रंगाची रेघ आखून घ्यावी. ही रेघ बुडाली की कोणीही चढायचे नाही, मग तो सरपंच असो वा नातलग. महापुरात भेदरलेल्या माणसाला ‘तू थांब’ असे सांगणे नावाड्याला फार जड जाते. त्याच्या वतीने हे त्या रेघेने सांगावे. सोबत माणशी एक जीवरक्षक जाकीट असावे, हे वेगळे सांगावयास नको.

लूकच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, माशांनी भरलेल्या दोन होड्या बुडू लागल्याचा प्रसंग आहे. तेथे भार डोळ्यांसमोर होता आणि मदतीला सोबती जवळ होते. आपल्या होड्यांतील भार तळफळीखाली दडलेला आहे. तो शोधण्यासाठी एक वजनकाटा, रंगाचा एक डबा आणि मे महिन्यातील दोन दिवस पुरेसे आहेत. आपल्या गावात होडी असेल, तर येत्या ग्रामसभेत हा विषय कृपया आपणच मांडावा.